कंडक्टरबाई आणि पाहुणा

सासूचं लग्न बघायचं भाग्य किती सुनांना लाभतं? मला लाभलं. नुसतं लाभलं नाही, साक्षीदार म्हणून सहीसुद्धा मीच केली. नवरदेव साठी ओलांडलेले, नवरी नुकतीच नोकरीतून निवृत्त झालेली, आणि दोघंही पहिल्यांदा स्टेजवर चढलेल्या शाळकरी पोरांसारखी घामाघूम. सही करताना माझ्या सासऱ्यांच्या हातून पेन दोनदा पडलं. नवरी म्हणाली, "सावकाश. पुढचा स्टॉप अजून लांब आहे."

माझे सासरे, म्हणजे बाबा, फ्रेमवाले. आम्ही वर राहतो आणि खाली त्यांचं दुकान. लाकडी पट्ट्या, खिळे, सरस आणि भिंतीला टेकवलेल्या काचा. काच आणि आरसे आणायला ते गावाच्या दुसऱ्या टोकाला बसने जायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा छातीशी धरून परत यायचे. त्या बसवर या बाई कंडक्टर होत्या. बाबा चढले रे चढले की यांचा आवाज घुमायचा, "आरसा आहे, आरसा! अंग चोरून उभे राहा! फुटला तर उद्यापासून तोंड कशात बघाल?" आणि खच्चून भरलेल्या गाडीत बाबांना वाट मिळायची. असं कितीतरी वर्षं चाललं. ओळख एवढीच.

मग आई गेल्या. माझ्या पहिल्या सासूबाई. बायकोच्या माघारी बाबा एकदा रिकाम्या हातांनी बसमध्ये चढले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले. बाईंनी विचारलं, "आज आरसा नाही?" बाबा म्हणाले, "घरी बसवत नव्हतं."  परतीच्या फेरीत बाईंनी त्यांना खिडकीजवळची जागा राखून ठेवली. पुढे काय आणि कसं जुळलं हे दोघांनीही आम्हाला धड सांगितलेलं नाही. विचारलं की दोघंही लाजतात, आणि या वयात लाजणारी माणसं बघवत नाहीत, म्हणून आम्हीच विचारायचं सोडलं.

लग्नाच्या आधी मी बाईंना विचारलं होतं, "तुम्हाला हाक काय मारू? आई म्हणू?"

"छे. ती जागा भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "मावशी म्हण. मावशीला कुठेही उभं राहता येतं."

आता घरातला आणखी एक जण सांगायला हवा. आमचा कुत्रा. त्याचं नाव पाहुणा. आईंना तो फाटकापाशी सापडला होता, हाडांचा सापळा, एक कान दुमडलेला. बाबा म्हणाले होते, कुत्रं घरात नको. आई म्हणाल्या, "राहू द्या, दोन दिवसांचा पाहुणा आहे." पाहुणा म्हणून आला आणि घरमालक होऊन बसला. नावाने मात्र गोंधळ फार व्हायचे. फोनवर मी नवऱ्याला ओरडून सांगायचे, "पाहुण्याला आंघोळ घाल, वास मारतोय!" आणि मी नोकरीला आहे त्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायची.

आई हॉस्पिटलमध्ये गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर पाहुणा बाबांची सावली झाला. दिवसभर दुकानात टेबलाखाली, संध्याकाळी वर. झोपायला आईंनी स्वतःच्या जुन्या कपड्यांची शिवलेली गोधडी. त्याचं दुःख त्याने त्याच्या परीने गिळलं होतं आणि त्याची घडी बसली होती.

ती घडी मावशी आल्या आणि विस्कटली.

मावशींचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक मोठी कापडी बॅग. माझ्या नवऱ्याने विचारलं, "बाकीचं मागून येतंय का?"

"मागे काही नाही. मी गाडी रिकामी करूनच उतरले," मावशी म्हणाल्या. बॅग ट्रंकेवर ठेवली आणि दोन्ही बाहेरच्या दारामागे सरकवल्या. "इथेच बरं. कुणाच्या पायात येणार नाही."

बाईंच्या हातापायांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सारा जन्म चालत्या गाडीत उभं राहून काढलेला. आल्या आल्या त्यांनी घर हातात घेतलं. जाळी काढली, पंखे पुसले, बाबांची कॉट खिडकीखाली ओढली कारण तिथे वारा येतो, आईंचं कपाट कोपऱ्यात सरकवलं कारण मागे कसर लागली होती. आणि पाहुण्याची गोधडी गरम पाण्यात साबण घालून अशी काही धुतली, की ती दोरीवर वाळत घातली तेव्हा मला तिचे मूळ रंग पहिल्यांदा कळले. सगळं मनापासून. कुणाला दाखवायला म्हणून नाही.

संध्याकाळी पाहुणा दुकानातून वर आला. कॉटच्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. तिथे कॉट नव्हती. मग गोधडीपाशी गेला, तिचा वास घेतला, गोल फिरला, पुन्हा वास घेतला, पुन्हा फिरला. बसला काही नाही. शेवटी जाऊन संडासाच्या दाराशी गार फरशीवर पडून राहिला.

त्या दिवसापासून त्याचं काही खरं नव्हतं. ऊन नाही, धावपळ नाही, तरी जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. लाळ गळायची. जेवणाच्या भांड्याकडे ढुंकून बघायचा नाही. बाबा जिना उतरायला लागले की त्यांच्या पायांत घुटमळायचा, पडतील की काय अशी भीती. मावशी दारापाशी गेल्या की थरथर कापायचा. एकदा आम्ही सगळे बाहेर गेलो होतो. येऊन बघतो तर दाराची चौकट त्याने कुरतडून काढलेली, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि मावशींच्या ट्रंकेखाली ओल. आठ वर्षांत त्याने घरात कधी घाण केली नव्हती.

बाबा चिडले. "एवढा मोठा घोडा झालास, लाज नाही वाटत?"

"त्याला बोलू नका," मावशी फडकं घेऊन खाली बसल्या. "लाज वाटतीये त्याला. कान बघा कसे पाडलेत."

आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई अंगाने बारीक, पण आवाज असा की घाबरलेला कुत्रा आधी त्यानेच गप्प व्हावा. पोट दाबलं, दात बघितले, रक्त तपासलं. मग हात धुता धुता विचारलं, "घरात नवीन काय?"

बाबा छताकडे बघायला लागले. मीच सांगितलं, "आमच्याकडे लग्न झालं. यांचं."

"अस्सं. अभिनंदन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजार काही नाही याला. घाबरलाय. तुमच्या घरात बायको आली, याच्या घरात भूकंप झाला. आता रागवायचं नाही. तो लपला तर ओढून काढायचा नाही. झोपायची जागा एकच ठेवा आणि ती पुन्हा हलवू नका. खायच्या-फिरायच्या वेळा सांभाळा. आणि नेमकं काय झालं की जास्त बिथरतो, तेवढ्यावर लक्ष ठेवा. तो सांगत असणार. आपणच ऐकत नसतो."

घरी आल्यावर मावशींनी आधी पदर खोचला. कॉट परत पहिल्या जागी गेली. कपाटही गेलं. गोधडी मात्र आता धुतली ती धुतली, तिच्यातला वास कुठून आणायचा? तेव्हा बाबा उठले, आपल्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या खणात हात घातला आणि आईंचा जुना स्वेटर बाहेर काढला. तो तिथे आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बाबा तो हातात धरून नुसते उभे राहिले. नव्या बायकोसमोर पहिल्या बायकोचा स्वेटर.

मावशीच बोलल्या. "गोधडीवर पसरा तुम्हीच. मी हात लावत नाही, माझा वास लागायचा."

पाहुणा आला. नाक खुपसलं, मोठा सुस्कारा टाकला आणि आडवा झाला. त्या रात्री तो जेवला. बाबा स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी विसळत बसले, आणि मावशींनी त्यांना विसळू दिली.

आता सगळं मार्गी लागेल असं वाटलं. थोडं लागलंही. पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. मावशी सकाळी दारामागे जाऊन कपडे घ्यायला ट्रंक उघडायच्या, आणि तो खडखडाट झाला की हा कुठेही असला तरी उठून यायचा, लांब उभा राहून कापायचा, कण्हायचा. मावशींनी हात पुढे केला की मागे सरायचा. बाकी दिवसभर त्यांच्या हातून खायचा, शेजारी बसायचा, पण ट्रंक उघडली की परक्यासारखा.

"इतकी वर्षं गाडीवर काढली," मावशी एकदा मला म्हणाल्या. "दारूडे आले, भांडखोर आले, ओकणारे आले. पण मला बघून गाडीतून उडी मारावी असं कुणाला वाटलं नाही गं."

"मावशी, त्याला तुमचा राग नाही."

"राग असता तर समजूत घातली असती. भीतीची कशी घालायची?"

त्यांनी मनावर फार घेतलं होतं. आम्हाला ते नीटसं कळलं नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी, बाबा खाली दुकानात असताना, मावशींनी कापडी बॅग खांद्याला लावली आणि चप्पल घालायला लागल्या.

"कुठे निघालात?"

"धाकट्या बहिणीकडे. चार दिवस जाऊन येते. तेवढीच त्याला उसंत. आणि तुम्हालाही. यांना मी खाली सांगते."

मी काही म्हणायच्या आत पाहुणा आला. दारात आडवा पडला. मावशी त्याला ओलांडायला गेल्या, तर त्याने बॅगेचा पट्टा दातांत धरला. गुरगुरला नाही, ओढला नाही. नुसता धरून ठेवला. सगळं अंग पानासारखं थरथरत होतं आणि डोळे मावशींच्या तोंडाकडे.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई हॉस्पिटलला गेल्या त्या दिवशीही बॅग इथेच होती. याच दारामागे. मीच आदल्या दिवशी भरून ठेवली होती. पाहुणा रात्रभर तिच्याशेजारी बसला होता आणि आम्ही हसलो होतो, की बघा, राखण करतोय. सकाळी बॅग गेली, आई गेल्या. मग खूप दिवसांनी बॅग तेवढी परत आली.

मी मावशींना सांगितलं.

मावशी चप्पल घालूनच खाली बसल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी आल्यापासून रोज या मुक्या जीवाला वाटतंय की कुणीतरी निघालंय. आणि मी रोज सकाळी उठून खडाखडा ट्रंक वाजवतीये."

"तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाही तर कुणाला कळणार?" त्यांनी पट्टा सोडवला नाही. त्याच्या दातांतच राहू दिला. "एक सांगू? तुझ्या सासऱ्यांनी लग्नाआधीच अर्धं कपाट रिकामं करून ठेवलंय. मला दिसत का नव्हतं? दिसत होतं. पण आजवर माझं सामान कधी ट्रंकेतून बाहेर आलंच नाही. वडील गेले, मी कामाला लागले, बहिणींना शिकवलं, त्यांचे संसार मांडून दिले. मग धाकटीच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात माझी कॉट. मधलीकडे बाळंतपणाला गेले की तिथे चटई. ट्रंक उघडायची, हवं ते काढायचं, बंद करायची. कुणी वाईट वागलं नाही गं, सगळ्यांनी मानानेच ठेवलं. पण मानाने ठेवतात ते पाहुण्याला."

आपलं नाव ऐकून पाहुण्याने शेपटी एकदा जमिनीवर आपटली. आम्ही दोघीही रडता रडता हसलो.

मग मावशींनी चप्पल काढली आणि ट्रंक ओढत हॉलच्या मध्यभागी आणली. "बस इथे," त्याला म्हणाल्या, "आणि बघ." एकेक वस्तू त्या बाहेर काढायला लागल्या. आधी त्याच्या नाकाशी धरायच्या, मग बाजूला ठेवायच्या. खाकी गणवेश, कडक इस्त्रीचा. वडिलांचा मफलर, ते त्याच बससेवेत ड्रायव्हर होते. बिघडलेलं गजराचं घड्याळ. निरनिराळ्या बटणांची बरणी. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. घडीचे कपडे. आणि तळाशी एक कोरी, कधी न अंथरलेली चादर, फुलांची. "ही मी माझ्या घरासाठी घेतली होती. पहिल्या पगारात," त्या म्हणाल्या आणि तीही पाहुण्याच्या नाकाखालून गेली.

ट्रंक रिकामी झाल्यावर त्यांनी ती आडवी केली. पाहुणा पुढे आला, आत डोकं घातलं, आणि इतक्या जोरात शिंकला की ट्रंक घुमली.

तेवढ्यात बाबा जिना चढून आले. हॉलभर पसारा, दोन रडवेल्या बायका आणि ट्रंकेत डोकं घातलेला कुत्रा. "काय झालं?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही, फ्रेमवाले," मावशी म्हणाल्या. "तुमचं ते अर्धं कपाट कुठलं, डावं की उजवं?"

ट्रंक खाली दुकानात गेली. बाबांनी तिच्यात पट्ट्यांचे तुकडे भरले. उरली बॅग. माझं म्हणणं होतं की तीही नजरेआड करावी, माळ्यावर टाकावी. मावशींनी साफ नकार दिला. "आज लपवशील. उद्या कुणाला गावाला जायचं असेल तर? भीती माळ्यावर टाकून जात नसते. बॅग त्याच्या डोळ्यांसमोर राहू दे, फक्त तिला दुसरं काहीतरी काम दे."

बॅग हॉलच्या मध्यभागी उघडी पडून राहायला लागली. मावशी तिच्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकायच्या. सुरुवातीला पाहुणा लांबूनच मान ताणून वास घ्यायचा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं त्याचं. मावशी शेजारी शेंगा सोलत बसायच्या. त्याने एक पाऊल पुढे टाकलं की हातातला तो जुना चिमटा वाजवायच्या, टिक्, आणि अंड्याचा तुकडा द्यायच्या. टिक् वाजलं की चांगलं काहीतरी येतं, हे त्याला फार लवकर कळलं. आमच्या घरात ते ज्याला त्याला कळलं. बाबांनी एकदा स्वतःहून चहाचा कप विसळला तेव्हा मावशींनी त्यांच्याही कानाशी टिक् वाजवलं.

तो बॅगेत तोंड घालून खायला लागल्यावर मावशींनी ती खांद्याला लावून घरातल्या घरात फिरायला सुरुवात केली. बॅग घेऊन स्वयंपाकघरात, बॅग घेऊन गॅलरीत. मग दार उघडायचं आणि न जाताच लावायचं. मग बाहेर पाऊल टाकायचं आणि लगेच आत यायचं. जाताना दर वेळी तेच शब्द, तोच साधा आवाज, "येते रे." परत आल्यावर नाचगाणं नाही, गळ्यात पडणं नाही. आल्या, बसल्या, कामाला लागल्या. "फार कौतुक केलं तर त्याला वाटेल मी मरणाच्या दारातून आलीये," त्या म्हणायच्या. "जाणं-येणं ही किरकोळ गोष्ट आहे असं दिसायला हवं. आपण रडारड केली की त्यालाही वाटणार, हे प्रकरण मोठं आहे."

तो कापायला लागला की त्या एक पायरी मागे यायच्या. काल जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या असल्या, तर आज फक्त दारापर्यंत. शेजारच्या बाई विचारायच्या, "तुम्ही रोज बॅग घेऊन जाता कुठे आणि परत का येता?" मावशी सांगायच्या, "नवऱ्याशी भांडून माहेरी निघते आणि जिन्यात राग जातो." शेजारच्या बाईंनी ते खरं मानलं आणि बाबांकडे काही दिवस फार दयेने बघितलं.

मध्ये एक घोटाळा झाला. माझ्या नवऱ्याला कामासाठी अचानक परगावी जायचं होतं. तो घाईत, फोन कानाला, बॅग उचलली आणि काही न सांगता धाडकन दार लावून गेला. पाहुणा पुन्हा चौकटीला भिडला. केलेल्या कामावर पाणी पडलं. मी नवऱ्यावर जाम भडकले. मावशी म्हणाल्या, "त्याच्यावर नको चिडूस. गाडी बंद पडते कधीकधी. उतरून ढकलायची." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, उघडी बॅग, अंडं, टिक्. या वेळी मात्र तो पहिल्यापेक्षा लवकर सावरला. नवऱ्यानेही सवय लावून घेतली. कितीही घाई असली तरी दारात थांबून "येतो रे" म्हणायचा, आणि कुत्र्याला सांगायच्या निमित्ताने मलाही सांगितलं जायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे सुख मला कुत्र्यामुळे मिळालं.

पावसाळा संपता संपता मला दिवस गेल्याचं कळलं. घरात आनंदीआनंद. मावशी मात्र त्याच संध्याकाळी हिशेब मांडून बसल्या. पैशांचा नाही, पाहुण्याचा. "तू हॉस्पिटलला जाणार. बॅग घेऊन. आणि चार दिवस येणार नाहीस. म्हणजे नेमकं तेच. आत्तापासून तयारी हवी."

पाळणा महिनाभर आधी आला आणि रिकामाच उभा राहिला, पाहुण्याला त्याचा कंटाळा यावा म्हणून. मावशींनी माझ्या नवऱ्याकडून मोबाइलवर तान्ह्या बाळाचं रडणं शोधून घेतलं. आधी अगदी बारीक आवाजात, मग हळूहळू मोठ्याने, आणि सोबत अंडं. पाहुणा कान टवकारून बघायचा आणि खायचा. बाबाच वैतागले. "नातवंड यायच्या आधीच झोपमोड." माझी हॉस्पिटलची बॅग मी आणि मावशींनी त्याच्यासमोर भरली, उघडी ठेवली, पुन्हा पुन्हा घेऊन खाली दुकानात गेलो आणि परत आलो.

जायची वेळ आली ती भर दुपारी. कळा सुरू झालेल्या, बाळंतपणासाठी आलेली माझी आई शेजारी, नवरा रिक्षा आणायला धावलेला. मला धड उभं राहता येत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "सांग त्याला." मी भिंतीला धरून म्हटलं, "येते रे." पाहुणा उठला. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दारापर्यंत आला आणि थांबला. मावशी माझ्यासोबत यायला निघाल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं आणि चप्पल पुन्हा काढली.

"हिच्याबरोबर हिची आई आहे, नवरा आहे, डॉक्टर आहेत," त्या बाबांना म्हणाल्या. "याच्याबरोबर कुणी नको?"

माझ्या आईला ते जरा खटकलं. मला नाही.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तो दारापाशी बसून रडला. जेवला नाही. मावशींनी त्याला हाकलला नाही, समजावला नाही. माझी न धुतलेली ओढणी त्याच्या गोधडीवर टाकली आणि स्वतः तिथेच भिंतीला पाठ लावून बसून त्याला डेपोतल्या गोष्टी सांगितल्या. कुठला ड्रायव्हर कसा घोरायचा, कुणाची कोंबडी गाडीत सुटली होती, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी उठला आणि फिरायला जायचं म्हणून दाराऐवजी मावशींच्या पायाशी जाऊन उभा राहिला. बाबा सांगताना म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, तरलो आपण."

आम्ही मुलीला घेऊन घरी आलो. मावशींच्या सांगण्यावरून बाळ नवऱ्याकडे, आणि आधी आत आले मी, एकटी. पाहुण्याने माझे हात, पाय, पोट सगळं हुंगून काढलं. मग बॅग. बॅगेचा पट्टा, कप्पे, तळ, कसून तपासणी झाली. ती पुरी झाल्यावर तो माझ्या पायांवर सगळं वजन टाकून बसला आणि असा लांब श्वास सोडला, की मावशींचेही डोळे भरले. बाळाकडे त्याने नंतर बघितलं, आणि खरं सांगायचं तर फारसा प्रभावित झाला नाही.

तो अगदी बरा झाला असं मी म्हणणार नाही. मुलगी किंचाळली की अजूनही उठून येरझाऱ्या घालतो. घरात कपाट हलवलं की त्याचं तोंड उतरतं. पण आता घाबरला की कोपरा शोधत नाही, मावशींना शोधतो आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहतो. स्वस्थ बसणं ठाऊक नसलेली ती बाई मग हातातलं काम टाकून बसते. तो शांत होईपर्यंत उठत नाही.

रजा संपून मी पुन्हा चष्म्याच्या दुकानात जायला निघाले त्या दिवशी मात्र माझाच पाय निघेना. मुलगी मावशींच्या मांडीवर, पाहुणा शेजारी. मी "येते गं" म्हटलं, जिना उतरले, परत वर आले. पाण्याची बाटली राहिली म्हणाले. पुन्हा उतरले, पुन्हा आले. या वेळी छत्री.

"बाहेर कडक ऊन आहे," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाहुण्याकडे बघितलं. "हिलाही अंडं द्यावं लागतंय बहुतेक."

"मावशी, रडली तर?"

"रडेल. मग गप्प होईल. जा आता. आणि तोंड नीट कर, तुझं बघून पोरगी शिकेल."

मी उतरले. खालच्या पायरीवर श्वास रोखून कान दिला. वर कुणीही रडत नव्हतं. मला जरा रागच आला.